नळीतून वाचलेली अक्षरं

कुंदाताई मनवरांच्या लॅबमध्ये रोजचं वर्तमानपत्र दोनदा वाचलं जायचं. एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा अकराच्या सुमारास, काचेच्या नळीतून.

हे दुसरं वाचन मी पहिल्याच दिवशी पाहिलं. ताईंनी गरगर फिरणाऱ्या यंत्रातून एक बारीक नळी काढली. तिच्या तळाशी पांढरा साका बसला होता आणि वर पाण्यासारखं काहीतरी होतं. त्या खिडकीशी गेल्या, नळी डोळ्यांसमोर धरली, तिच्यामागे छोट्या जाहिरातींचं पान धरलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "मुलगा एकतीस, बी.एड., स्वतःचं घर. मुलगी शांत स्वभावाची पाहिजे." मग माझ्याकडे वळल्या. "वाचता आलं. म्हणजे साफ हाय. लाव पुढं."

समोरच्या बाकावर तीन माणसं बसली होती. त्यातला एक म्हणाला, "ताई, पोराची जात सांगा ना, माही भाची हाय." सगळे हसले. मी मात्र कानापर्यंत लाल झाले, जणू जाहिरात माझीच होती.

ही चांगल्या कोलेस्टेरॉलची तपासणी होती. रक्तातल्या द्रवात एक औषध घालायचं, त्याने वाईट म्हणवली जाणारी चरबी गोठते, नळी यंत्रात फिरवली की ती तळाशी बसते. वर जे निवळ राहतं त्यात फक्त चांगलं कोलेस्टेरॉल असतं, तेवढं मोजायचं. पण वरचं पाणी जरा गढूळ राहिलं तर यंत्राला ते कळत नाही. ते त्या गढूळपणालाही चांगलंच समजून मोजतं आणि आकडा फुगतो. म्हणून जाहिराती. त्यांची अक्षरं सगळ्यात बारीक असतात.

पहिलं पान ताई कधीच नळीमागे धरत नसत. कापसाचे ते वाईट हंगाम चालू होते आणि पहिल्या पानावर आमच्या यवतमाळ जिल्ह्याचं नाव कशासाठी येतं हे सगळ्यांना माहीत होतं. बाकावर बसलेल्या माणसांच्या गावांची नावंही तिथे असत. एकदा घाईत मी तेच पान उचललं तर ताईंनी ते माझ्या हातातून काढून घेतलं, घडी घातली आणि उशीखाली ठेवावं तसं वहीखाली ठेवलं.

मी तिथे कशी पोचले ते थोडक्यात सांगते. वडिलांची बदली यवतमाळहून दारव्ह्याला झाली होती. माझं बी.एस्सी. झालं होतं, पुढच्या प्रवेशाला बरेच महिने अवकाश होता आणि मी दिवसभर खोलीत बसून असते हे आईला बघवत नव्हतं. यवतमाळ रस्त्यावर, जुन्या शिंप्याच्या दुकानात ताईंची लॅब होती. आईने ताईंशी परस्पर बोलून मला तिकडे धाडलं. ताईंनी माझं नाव विचारलं, शाळा विचारली आणि नाव लगेच विसरून गेल्या. त्या दिवसापासून मी 'कॉन्व्हेंट' झाले.

ताई पन्नाशीच्या असतील. ठेंगण्या, सावळ्या, पांढऱ्या कोटाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. अंबाड्यात पेन खोचलेलं. चष्मा हरवू नये म्हणून त्याच्या काड्यांना सलाईनची नळी बांधून गळ्यात अडकवलेली. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्याखाली फ्रीज, फ्रीजवर एक जाडजूड वही. वहीत हिशेब असेल असं मला वाटलं होतं. उघडली तर आत नुसते प्रश्न होते. 'रक्त लाल तर शिरा निळ्या काहून दिसतात?' 'म्हाताऱ्याचं रक्त म्हातारं असते का?' काही प्रश्नांपुढे उत्तर लिहून तारीख टाकली होती. बऱ्याच प्रश्नांपुढे नुसती जागा सोडलेली होती, काहींपुढे चांगलं अर्धं पान.

"लग्न नाही केलं का तुम्ही?" असं एकदा एका बाईने रक्त देता देता त्यांना विचारलं.

"कोणी इचारलंच नाही," ताई म्हणाल्या. "अन् मी सगळ्याइले इचारतच राह्यते, मंग कोण थांबते? मूठ उघडा."

तपासणीच्या औषधांच्या खोक्यात घडी घातलेलं एक इंग्रजी पत्रक यायचं. बहुतेक लॅबवाले ते खोक्याबरोबर फेकून देतात. ताईंनी सगळी पत्रकं फायलीत लावून ठेवली होती. त्यांचा डिप्लोमा होता, पण इंग्रजीत. "पाठ करून पास झाली मी," त्यांनी मला सरळ सांगितलं. "समजलं नाही काई. आता तू आलीस. वाच."

दुपारी गर्दी ओसरली की मी वाचायची. माझं वाचन चांगलं होतं, शाळेत बक्षिसं मिळालेली. मी धडाधड वाचत गेले की चांगलं कोलेस्टेरॉल हे जास्तीचं कोलेस्टेरॉल शरीराच्या कडेच्या पेशींकडून लिव्हरकडे वाहून नेतं.

"थांब," ताई म्हणाल्या. "म्हणजे जे आपण मोजून राह्यलो ते कोलेस्टेरॉल नाही?"

"कोलेस्टेरॉलच आहे. पण…" मी अडखळले. "ते वाहून नेणाऱ्यातलं आहे."

"वाहून नेणारा वेगळा अन् माल वेगळा?"

"हो."

"मंग चांगलं कोण? माल का गाडी?"

तीन वर्षं मी हा विषय शिकले होते. परीक्षेत त्यावर आकृती काढून पूर्ण गुण घेतले होते. हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. मी हळूच म्हटलं, "गाडी." ताईंनी अंबाड्यातलं पेन काढलं आणि वहीत लिहिलं.

"बरं. लिव्हरपर्यंत नेलं. लिव्हर त्याचं काय करते? जाळते?"

पत्रकात ते नव्हतं. संध्याकाळी मी घरी जाऊन माझं जाड पुस्तक काढलं आणि पहिल्यांदाच ते परीक्षेशिवाय वाचलं. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की जळत नाही. साखर जळते, तेल जळतं, पण कोलेस्टेरॉलचा सांगाडा मोडायचं साधन शरीराकडे नाहीच. ते फक्त बाहेर टाकता येतं. लिव्हर त्याचं पित्त बनवते किंवा तसंच पित्तात सोडते, पित्त आतड्यात उतरतं, आणि शेवटी काही भाग शौचावाटे जातो.

ताईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. शेजारणीकडून एखादी भानगड कळावी तसा त्यांचा चेहरा झाला होता. "जळतच नाही? एवढं मोठं शरीर, हाडं बनवते, पोट्टं बनवते, अन् याले जाळू शकत नाही?" मग एकदम, "काही भाग म्हणालीस. बाकीचा?"

"बाकीचं पित्त आतड्यातून पुन्हा लिव्हरकडे परत येतं. भाजीपाला, सालीची डाळ असं काही खाल्लं तर त्यातलं थोडं त्यात अडकून बाहेर जातं."

"म्हणजे दारापर्यंत जाऊन वापस! कायले?"

"शरीर काटकसर करतं," मी म्हटलं. हे वाक्य पुस्तकात नव्हतं. कसं सुचलं कोण जाणे. ताईंनी मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला कॉन्व्हेंट न म्हणता "बाई" म्हणाल्या. "बरोबर बोलली बाई तू."

मग त्या उठल्या आणि फ्रीजमागून एक छोटी बाटली काढून आणली. तिच्यात हरभऱ्याएवढे चार पिवळट खडे होते. "माहे हायेत," त्या कौतुकाने म्हणाल्या. तीन वर्षांपूर्वी पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा यवतमाळच्या डॉक्टरांकडून मागून घेतलेले. "त्यानं सांगितलं का हे कोलेस्टेरॉलचे खडे हायेत. मले वाटलं, मी तर तेलकट खात नाही, मले कुठून? आता समजलं." बाटली त्यांनी उजेडात फिरवली. "बाहीर निघाले होते बिचारे. दारातच दाटी झाली."

स्वतःच्या दुखण्याकडे इतक्या प्रेमाने पाहणारं माणूस मी आजवर दुसरं पाहिलेलं नाही.

त्या हंगामात कापूस खरेदी केंद्राची रांग आमच्या दारापर्यंत यायची. बैलबंड्या, ट्रॅक्टर, पुन्हा बंड्या. माणसं दोन-दोन दिवस रांगेत असत. बसून बसून कंटाळलेला एखादा "ताई, शुगर पाहून घ्या" म्हणत आत येई. रक्त घेतल्यावर ताई दंडावर कापसाचा बोळा ठेवत, आणि रोज कोणीतरी तोच विनोद करी. "इथं बंडीभर कापूस घेऊन उभे हावोत, अन् तुम्ही दुकानातून इकत आणता? आमचा घ्या ना!"

एकदा ताईंनी खरंच एकाच्या बंडीतून चिमूटभर कापूस आणवला. एका वाटीत पाणी घेऊन त्यावर तो ठेवला, शेजारी दुकानातला बोळा ठेवला. बोळा लगेच पाणी पिऊन बुडाला. शेतातला कापूस मात्र तसाच तरंगत राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. रांगेतली माणसं आत येऊन वाटीभोवती गोळा झाली.

"काहून बुडत नाही?" एका म्हाताऱ्याने विचारलं. जन्मभर कापूस पिकवला होता त्याने.

"मेण असते त्याच्या अंगावर, बाबा. चरबीवानी. ते उकळून काढा लागते, तवा तो रक्त पिते."

"सत्तर वर्षांत नाही समजलं," म्हातारा म्हणाला आणि वाटीतला तो कापूस उचलून पिळायला गेला, तो कोरडाच निघाला म्हणून हसला.

त्याच दुपारी ताई दारात उभ्या राहून रांग बघत होत्या. मी आत नळ्या धूत होते. त्यांनी हाक मारली. "कॉन्व्हेंट, हे पाह्य. किती बंड्या असतीन?"

"साठ-सत्तर."

"कोणी आकाशातून पाह्यलं तर म्हणन, बाप्पा, दारव्ह्यात काय कापूस विकून राह्यला! पण सकायपासून एक बंडी हालली नाही." "आपण बंड्या मोजतो. बंडी चालून राह्यली का उभी हाय, भरली का खाली, हे आपल्या तपासणीत समजते का?"

मी म्हटलं, नाही समजत.

"मंग ज्याच्या बंड्या जास्त हायेत तो चांगला, हे कशावरून?"

त्यांनी तो प्रश्न वहीत लिहिला आणि पुढे पूर्ण एक पान कोरं सोडलं. पुढे मी शिकायला गेले तेव्हा कळलं, की मोठमोठ्या प्रयोगशाळांतले लोकही त्याच कोऱ्या पानाशी थांबलेले होते.

आता शेषरावची गोष्ट सांगायला हवी. ती मी सांगायचं टाळते आहे हे माझ्या लक्षात आलं आहे.

शेषराव दारव्हा–यवतमाळ काळी-पिवळी जीप चालवायचा. पंचेचाळिशीचा, पोट सुटलेला, गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा. वर्षभरापूर्वी त्याला हृदयाचा झटका येऊन गेला होता. यवतमाळच्या डॉक्टरांनी चरबीची गोळी जन्मभर घ्यायला सांगितली होती, आणि शेषरावला त्या गोळीचा राग होता. "गोई घेतली का मी पेशंट, नाही घेतली का मी डायवर," असं तो म्हणायचा. त्याचं चांगलं कोलेस्टेरॉल मागच्या खेपेला तीसच्या आसपास, म्हणजे कमीच आलं होतं. दर तीन महिन्यांनी तो उपाशीपोटी येऊन रक्त देऊन जायचा, ते ताईंच्या धाकाने.

त्या सकाळी ताई एका आजारी बाईचं रक्त घ्यायला तिच्या घरी गेल्या होत्या. मी एकटी होते. शेषराव रक्त देऊन जीपमध्ये जाऊन बसला, सवारी भरलेली होती, रिपोर्ट घेऊनच निघणार म्हणाला. मी नळी यंत्रात लावली, दहा मिनिटांची चावी फिरवली आणि दुसऱ्या माणसाचं रक्त घ्यायला गेले. मधेच लाईन गेली. पंखा थांबला. आमच्याकडे तेव्हा दिवसातून तीन-चारदा जायची, त्यामुळे त्याचं कोणाला काही वाटत नसे. थोड्या वेळाने यंत्राची घंटी वाजली आणि मी नळी बाहेर काढली.

यंत्र विजेवर चालायचं. घंटी मात्र चावीवर होती, जुन्या घड्याळासारखी. यंत्र तीन मिनिटं फिरून थांबलं होतं आणि घंटी आपली दहा मिनिटं मोजून वाजली होती.

वरचं पाणी किंचित धुरकट होतं. मला दिसलं. पान टेबलावर होतं. पण बाकावर पाच माणसं होती, त्यातल्या एकाने आदल्या आठवड्यात मी नळी धरली तेव्हा "पोरी, तुह्यासाठी पाहून राह्यली का?" असं म्हटलं होतं. मी पान उचललं नाही. बाहेर शेषराव हॉर्न वाजवत होता. लाईन आली, मी आकडा घेतला. चौऱ्याऐंशी.

"चौऱ्यांशी!" शेषराव खिडकीतूनच ओरडला. "चांगलंवालं ना?"

मी होकारार्थी मान हलवली.

ताईंनी दुपारी रजिस्टर पाहिलं आणि हरखल्या. त्यांना शंका आली नाही, कुतूहल वाटलं. एवढं कसं वाढलं? काय खाल्लं यानं? त्या शेषरावच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला विचारून आल्या. ती रोज जवसाची चटणी करायची. दुसऱ्या दिवसापासून ताई दोन्ही वेळा जवसाची चटणी खाऊ लागल्या आणि मला म्हणाल्या, "पंधरा दिवस खातो, मंग माहं रक्त काढ. पाहू." वहीत नवा प्रश्न आला. त्याच्यापुढे बरीच जागा सोडलेली होती. रोज जेवणाच्या डब्याबरोबर ती काळपट चटणी उघडली जायची आणि मी माझा डबा तसाच ठेवून नळ्या धुवायला जायची. बोलायचं ठरवून मी येत होते आणि न बोलता घरी जात होते.

दहाव्या-बाराव्या दिवशी मला यवतमाळला कॉलेजात काम होतं. शेषरावचीच जीप मिळाली. समोरच्या काचेशी, देवाच्या फोटोशेजारी, आमचा रिपोर्ट लॅमिनेशन करून टांगलेला होता. चौऱ्याऐंशीभोवती लाल गोल. प्रत्येक नव्या सवारीला तो दाखवत होता. "गोई बंद केली मी. कायले पाहिजे? आतून साफसफाई सुरू हाय आपली." आणि एक नवा खर्रा गालात सारला.

मी यवतमाळला उतरलेच नाही. म्हणजे उतरले, आणि दुसऱ्या जीपने परत आले.

ताई चटणी-भाकरी खात होत्या. मी दारातच उभी राहून म्हटलं, "ताई, त्या दिवशी घंटी वाजली होती. पण लाईन गेली होती. मी वाचून पाहिलं नाही. आणि शेषरावांनी गोळी बंद केली आहे."

त्या रागावतील अशी मी तयारी केली होती. त्यांनी घास खाली ठेवला आणि विचारलं, "किती वेळ गेलती लाईन?"

"माहीत नाही."

"अंदाजे?"

"सात मिनिटं असेल."

त्यांनी हात धुतले, कोटाची बाही वर केली आणि स्वतःचा दंड माझ्यापुढे धरला. त्या रक्ताच्या दोन नळ्या केल्या. एक तीन मिनिटं फिरवली, एक दहा. पहिलीचा आकडा दुसरीच्या जवळजवळ दुप्पट आला. ताईंनी दोन्ही कागद शेजारी-शेजारी ठेवले. "येते," त्या म्हणाल्या. "साका नाही बसला का एवढं वाढून येते." मग वहीतला जवसाचा प्रश्न त्यांनी खोडला. रागाने खोडला असं मला वाटलं नाही. नीट, एका रेघेत खोडला. "चटणी चांगली होती पण," एवढंच म्हणाल्या. मग ड्रॉवरमधून कात्री घेतली. "चाल."

स्टँडवर शेषरावची जीप भरत आली होती. ताई पुढच्या सीटवर चढल्या, मी मागे दोन बायांच्या मधे. ताईंनी वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि शाळेत बाई बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "हा कागद चुकीचा हाय. माह्या लॅबची चूक हाय. शेषराव, काढ तो."

शेषरावचं तोंड उघडंच राहिलं. "ताई, लोकाइसमोर…"

"लोकाइलेच दाखवला ना तू? मंग लोकाइसमोरच सांगा लागते."

"लॅमिनेशन हाय ताई. फाटत नाही."

ताईंनी कात्री पुढे केली.

शेषरावचा चेहरा उतरला होता आणि मग तो चिडला. "तवा तुम्हीच देल्ला. तवा खरा होता, आता खोटा! मंग उद्या देसान तो खरा कशावरून?"

मागे एक माणूस म्हणाला, "बरोबर बोलते भाऊ." दुसरा म्हणाला, "आता यवतमायलेच जा लागते बाप्पा रक्त द्यायले." ताईंनी हे ऐकलं. वीस वर्षांचं नाव होतं त्यांचं त्या स्टँडवर. तरी माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मी म्हटलं, "चूक मी केली."

इंजिन चालू होतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, "काय म्हणतेस पोरी?" मी पुन्हा म्हटलं. या खेपेला बहुधा सगळ्यांनी ऐकलं, कारण शेषरावने आरशातून माझ्याकडे पाहिलं. मला तो आरसा अजून आठवतो.

ताई शेषरावला म्हणाल्या, "उद्या सकायी उपाशी ये. खरा कशावरून ते सोताच्या डोयानं पाह्य. नाही पटलं तर हाच कागद पुन्हा टांग, मी काई म्हणत नाही."

रात्रभर तो येईल का हाच विचार माझ्या डोक्यात होता. आला. उपाशी, रागात, आणि बरोबर दोन सवाऱ्या साक्षीदार म्हणून घेऊन. बाकावर जागा उरली नाही. ताईंनी त्याच्या रक्ताच्या दोन नळ्या केल्या. तीन मिनिटांची नळी त्याच्या हातात दिली, मागे जाहिरातींचं पान धरलं. "वाच."

शेषरावने डोळे बारीक केले. "काई दिसत नाही. धुकं हाय नुसतं."

"या धुक्याचे चौऱ्यांशी होते तुहे."

मग दहा मिनिटांची नळी. ती ताईंनी माझ्या हातात दिली. "तू वाच. मोठ्यानं."

नऊ-दहा माणसं होती. मी नळी उजेडात धरली. अक्षरं एकदम स्पष्ट, जरा वाकडी, काचेमुळे मोठी झालेली दिसली. मी वाचलं, "मुलगी अठ्ठावीस, नर्सिंग झालेली, बोलकी, हौशी. मुलगा निर्व्यसनी असावा."

"आपलं काई जमत नाही मंग," शेषराव म्हणाला. कोणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. मीही. त्याने माझ्या खांद्यावरून वाकून ती ओळ स्वतः वाचून पाहिली, बोटाने, शब्दाशब्दावर थांबत.

आकडा बत्तीस आला.

शेषरावने तो कागद हातात घेतला. मग लहान आवाजात त्याने विचारलं, "म्हणजे साफसफाई बंद हाय का ताई माही?"

ताई त्याच्या शेजारी बाकावर जाऊन बसल्या. दाराबाहेर रांग होतीच. त्यांनी बंड्या दाखवल्या. शरीरात जास्तीचं कोलेस्टेरॉल जळत नाही, वाहूनच न्यावं लागतं. रिकाम्या बंड्या लिव्हरकडून आणि आतड्यातून निघतात, शिरांच्या भिंतीतून माल उचलतात आणि लिव्हरकडे आणतात, तिथून तो पित्तात पडून बाहेर जातो. "तुह्या बंड्या कमी हायेत. बंद नाहीत. पण माल जास्त अन् बंड्या कमी, तर माल कमी करा लागते ना? ते काम गोईचं. चालणं तुहं. अन् हा खर्रा थुक, बंड्याइले तोही मारते."

"अन् बंड्या वाढल्या का बरा होईन?"

इथे कोणीही हो म्हटलं असतं. "ते मले मालूम नाही," त्या म्हणाल्या. "मी लिहून ठेवलं हाय. समजलं का सांगतो."

शेषराव उठला, बाहेर गेला आणि पायरीशेजारी थुंकला. मग खिडकीतून डोकं आत घालून म्हणाला, "ती बाटलीतली गोष्टही सांगा ना एकडाव, खड्याची." ताईंचा चेहरा उजळला. त्या बाटली आणायला उठल्या.

जुलैत मला नागपूरला प्रवेश मिळाला. जायच्या दिवशी ताईंनी प्रश्नांची वही माझ्यापुढे ठेवली आणि बंड्यांच्या प्रश्नावर बोट ठेवलं. "हा उतरून घे. तिकडं कोणाले मालूम असन." मी उतरून घेतला. अजून माझ्याकडे आहे. उत्तर अर्धंमुर्धं मिळालं आहे.

मी शेषरावच्या जीपने निघाले. काचेशी जिथे तो कागद होता, तिथल्या खिळ्याला आता रबरबँडने बांधलेली गोळ्यांची पट्टी लटकत होती. अर्धी संपलेली. गालात काही नव्हतं. तो बडीशेप चघळत होता आणि त्याचा त्याला कंटाळा आला होता हे दिसत होतं.

लॅबसमोर त्याने वेग कमी केला, हॉर्न वाजवला. ताई खिडकीत होत्या. एका हातात नळी, दुसऱ्या हातात पान, चष्मा नाकावर. मी हात केला. त्यांनी पाहिलं नाही.

"आता नाही पाहणार त्या," शेषराव म्हणाला. "वाचून राह्यल्या."

त्यांचे ओठ हलत होते. कोणाची जाहिरात असेल ते मी ओठांवरून ओळखायचा प्रयत्न केला, पण रस्ता वळायला लागला होता. वळणाच्या आधी एवढंच दिसलं की त्यांनी नळी खाली घेतली आणि मान डोलावली. वाचता आलं होतं.